तोरणमाळच्या उतारावर खो-खो

शहाद्यात राहणाऱ्यांना तोरणमाळ म्हणजे पाहुणे आले की दाखवायची जागा. तलाव, सीताखाई, थंड हवा, फोटो, आणि अंधार पडायच्या आत परत. मीही तशी तीन-चारदा जाऊन आले होते. कुणी विचारलं असतं तर तोरणमाळ पाहिलंय, असंच सांगितलं असतं. दहावीत असताना शाळेच्या खो-खो संघाबरोबर मी तिथे चार दिवस राहिले, त्याबद्दल हे लिहिते आहे. त्या चार दिवसांत तलाव आम्ही एकदाच पाहिला, तोही धुक्यात.

का गेलो ते आधी सांगायला हवं. आमची शाळा इंग्रजी माध्यमाची. वर्गात कुणी मराठी किंवा अहिराणी बोललं की मॉनिटर फळ्यावर नाव लिहायचा. घरी, पुरुषोत्तमनगरला, सगळे अहिराणी बोलत, शाळेत इंग्रजी, आणि गॅदरिंगला भाषण करायचं तर पुस्तकातलं मराठी. कुठे काय बोलायचं हे ठरवता ठरवता मी बोलणंच कमी केलं होतं. दहा वर्षांत माझं नाव एकदाही फळ्यावर आलं नाही. मला त्याचा अभिमान होता.

खो-खोत हे चालत नाही. आठ जणी मधल्या पाटीवर एकीआड एक उलट तोंडं करून बसतात आणि नववी पळणाऱ्यांच्या मागे धावते. तिला दुसरीला उठवायचं असेल तर बसलेलीच्या पाठीला हात लावून मोठ्याने ‘खो’ म्हणायचं. हात आणि आवाज एकदमच हवेत, आणि आवाज पंचाच्या कानापर्यंत जायला हवा. नाही गेला तर फाऊल. मी संघात सगळ्यांत जोरात धावायचे आणि माझा खो कुणालाच ऐकू यायचा नाही. नववीत असताना तालुक्याच्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला माझा फाऊल झाला आणि आम्ही एका गुणाने हरलो. तेव्हापासून पोरी मला ‘सायलेंट मोड’ म्हणायच्या.

दहावीच्या वर्षी नव्या क्रीडाशिक्षिका आल्या, वळवी मॅडम. त्या मूळच्या धडगावकडच्या. त्यांनी तोरणमाळच्या एका आश्रमशाळेशी बोलून सरावाचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “बारा जणी नेतेय. मंगळवारी तालुक्याला खेळणार नऊ. चौथ्या दिवशी त्यांच्याशी सामना आहे, तो बघून नावं लिहीन. तुझा खोचा एक फाऊल झाला तरी तू बाहेर बसशील. आत्ताच सांगून ठेवते.”

मी मान हलवली. अकरावीला दुसरं कॉलेज, दुसरं सगळं. खेळायचं असेल तर हीच शेवटची संधी होती. मला खेळायचंच होतं, फक्त हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

पहिला दिवस, गुरुवार

एका क्रूझरमध्ये बारा मुली, मॅडम, ड्रायव्हर आणि टपावर बॅगा. म्हसावदपर्यंत दोन्हीकडे केळी आणि कापूस, म्हणजे आमच्या खिडकीतून रोज दिसतं तेच. राणीपूर सोडलं की सपाट जमीन एकदम संपते. साग सुरू होतो, आणि रस्ता स्वतःच्याच डोक्यावर चढत गेल्यासारखा वळतो. तिसऱ्या वळणावर एकीला उलटी झाली, पाचव्यावर तिला बघून दुसरीला. माझ्या शेजारी प्रणाली होती. ती सहावीपासूनची माझी बाकावरची जोडीदारीण, आणि पाटीवरही माझ्या पुढच्या चौकोनात तीच बसायची. ती मोठमोठ्याने आलेपाक वाटत होती. सगळ्या वर्गात ती एकटीच माझ्याशी अहिराणीत बोलायची, मॉनिटरच्या समोरसुद्धा. तिचं नाव फळ्यावर रोज असायचं.

“तू काय व, उलटीबी गुपचूप करशी का?” तिने मला विचारलं. मला खरंच मळमळत होतं. मी हसले आणि खिडकीकडे तोंड केलं.

आश्रमशाळेचं मैदान आम्ही गाडीतून उतरताच पाहिलं. ते सपाट नव्हतं. एका बाजूने दुसऱ्या बाजूला चांगला उतार, लाल माती, मध्ये मध्ये टोकं वर आलेले दगड. दोन्ही टोकांना सागाचे सोललेले खुंट रोवलेले. त्यावर तिथल्या मुली अनवाणी धावत होत्या, आणि धावताना उताराकडे बघतही नव्हत्या.

रात्रीच्या जेवणाला मक्याची भाकरी, उडदाची डाळ आणि लाल मिरचीची चटणी होती. आमच्यातल्या एकीने वाढणाऱ्या मावशींना विचारलं, “शेव नाहीये का?” आमच्याकडे कशावरही शेव लागते. मॅडमनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने तीन भाकरी खाल्ल्या. खरं तर डाळ फार चांगली होती. घट्ट, लसणाची, तोंडाला चव राहणारी. आम्ही वर्गात सतरंज्या टाकून झोपलो. सप्टेंबर होता, तरी मी स्वेटर घातला.

दुसरा दिवस, शुक्रवार

सकाळी धुकं इतकं होतं की एका खुंटापासून दुसरा दिसत नव्हता. आम्ही सगळ्या नवे स्पोर्ट्स शूज घालून उतरलो आणि पहिल्या पाच मिनिटांत चार जणी आपटलो. ओल्या लाल मातीत आमच्या शूजचे तळवे भरून येत आणि पाय बर्फावर ठेवल्यासारखे सटकत. तिथल्या मुली कडेला बसून बघत होत्या. त्या खूप हसल्या, पण हसताना तोंडावर हात धरून, पाहुण्यांना वाईट वाटू नये म्हणून. अकरा वाजता मॅडम म्हणाल्या, “काढा ते.” बारा जोड भिंतीला लावून ठेवले. त्यानंतर तळपायाला दगड बोचले, पण पडलं कुणी नाही.

दुपारी मिसळून खेळलो, अर्ध्या त्या, अर्ध्या आम्ही. त्यांची कर्णधार जमना. नववीतली, माझ्याहून टीचभर बुटकी, आणि धावताना अशी काही हूल द्यायची की आपण तिच्या उलट दिशेला दोन पावलं गेलेलो असायचो. ती माझ्या बाजूने होती. मी दोनदा तिच्या पाठीला हात लावून खो दिला आणि दोन्ही वेळा ती जागची हलली नाही. दुसऱ्यांदा शिट्टी वाजली. फाऊल.

जमनाने बसल्या जागी मान वळवून मला विचारलं, “तू खो देते का मागते?”

ती चिडवत नव्हती. तिला खरंच कळलं नव्हतं. आमच्या पोरी मात्र जोरात हसल्या. प्रणाली ओरडली, “हाई सायलेंट मोडवर शे! बटन दाबनं पडस!”

मी रात्री त्या प्रश्नाचा विचार केला. जमना बरोबर बोलली होती. कुणाच्या पाठीला हात लावताना माझ्या मनात असायचं की हिला आता त्रास द्यायचा आहे, बसलेलीला उठवायचं आहे. मी खो मागतच होते, वर्गात पाणी प्यायला जाऊ का, असं विचारतात तसा.

तिसरा दिवस, शनिवार

शनिवारी शाळा लवकर सुटली. जवळपासच्या मुली घरी जाऊन येतात. मॅडम मला म्हणाल्या, “जमनाबरोबर जा. तिच्या घरून कणसं आणायची आहेत.” एकटी मीच का, हे विचारलं नाही.

वाट अर्ध्या तासाची होती. एक ओहोळ, मग उतारावरचा मका, मग पुन्हा चढ. इथे आमच्यासारखी गल्ली नाही, भिंतीला भिंत लागून घरं नाहीत. प्रत्येकाचं घर आपापल्या शेतात, आणि शेजारी म्हणजे समोरच्या टेकडीवरचा धूर. जमना चालता चालता दोनदा थांबली, त्या धुराकडे तोंड करून तिने हाक मारली, तिकडून उत्तर आलं, आणि ती पुढे चालायला लागली. काय बोलणं झालं, मी विचारलं. “काही नाही. मी घरी चालले, हे सांगितलं.”

तिच्या शेताच्या कडेला पोचल्यावर ती थांबली. घर शंभरेक पावलांवर होतं, कुडाचं, मातीने सारवलेलं. काळा कुत्रा उठून उभा राहिला होता.

“आता तू हाक मार,” जमना म्हणाली.

“मी? तुझं घर आहे.”

“मी मारली तर आई म्हणेल जमना आली. पाहुणी आली हे तिला कसं कळेल? पाहुण्याने कडेवरूनच सांगायचं. मग घरातून ‘ये’ म्हणतात. मग जायचं.”

“असंच गेलं तर?”

तिने माझ्याकडे जरा विचित्र पाहिलं. “असंच कोण जातं? न सांगता दारात उभं राहिलं तर घरची माणसं घाबरतात. वाईट वाटतं त्यांना.”

मी म्हटलं, “मावशी.” कुत्र्याने कानसुद्धा हलवले नाहीत. दुसऱ्यांदा थोडं मोठ्याने. तिसऱ्यांदा माझा आवाज मध्येच चिरकला आणि मला इतकी लाज वाटली की परत फिरावंसं वाटलं. जमना दगडावर बसली होती. तिला काही घाई नव्हती. तिने मक्याचं एक पान तोडून त्याच्या पट्ट्या करायला घेतल्या.

मग मी पोटात हवा घेतली आणि ओरडले. माझ्याच कानाला तो आवाज ओळखीचा वाटला नाही. जाडा, भसाडा, आत्याच्या आवाजासारखा. कुत्रा भुंकला. घराच्या मागून एक बाई बाहेर आली, डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि पावरीत, त्यांच्या बोलीत, काहीतरी लांबलचक उत्तर दिलं. जमना हसून लोळायला लागली.

“आई म्हणते, ये ये. मघाशी वाटलं शेळी अडकली कुठेतरी.”

तिच्या आईने आम्हाला चुलीत भाजलेली कणसं दिली आणि हातभर लांब एक काकडी, मीठ-मिरची लावून. ती माझ्याशी पावरीत बोलत होती, मी मराठीत उत्तर देत होते, आणि अर्ध्याहून जास्त कळत होतं. निघताना तिने माझ्या गळ्याला बोट लावून काहीतरी म्हटलं. जमना म्हणाली, “आई म्हणते, आवाज आहे की हिला.”

परतताना मी कणसांचं पोतं डोक्यावर घेऊन विचार करत होते. आमच्याकडे पाहुणे आले की आई कौतुकाने सांगते, आमची मुलगी घरात आहे की नाही हेसुद्धा कळत नाही. मी ते कौतुक लहानपणापासून साठवत आले होते. आणि इथे, क्रूझरने दोन तासांवर, आवाज न करता दारापर्यंत जाणं हा पाहुण्याचा उद्धटपणा होता. समोरच्याला न घाबरवता आपण आलोय हे सांगायचं, एवढाच त्या ओरडण्याचा अर्थ. ते सांगायचं राहिलं की चूक आपली. मी चार वर्षं प्रणालीच्या मागून न सांगताच येत होते.

चौथा दिवस, रविवार

सामना सकाळी होता. त्यांच्या शाळेचे सर पंच होते, वळवी मॅडम कडेला वही घेऊन बसल्या होत्या. आधी त्यांनी पाठलाग केला आणि आम्हाला पळवून पळवून दमवलं. मग आमची पाळी.

माझा पहिला खो मी शेताच्या कडेवर उभी असल्यासारखा दिला. बसलेली मुलगी दचकून उठली आणि धावायच्या आधी मागे वळून माझ्याकडे बघायला लागली. “पळ ना!” मी तिला म्हटलं. तेही मोठ्यानेच निघालं. कडेला बसलेल्या आश्रमशाळेच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्या दुसऱ्या संघाच्या होत्या, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसरा खो, तिसरा, सातवा. मोजणं सोडून दिलं. शिट्टी वाजत नव्हती. एक एक करून त्यांच्या मुली बाद होत गेल्या, आणि शेवटी बरोबरीला एक गुण हवा असताना समोर जमना उरली. मी तिच्या मागे होते. उतारावर ती खाली वळणार हे मला तिच्या खांद्यावरून दिसलं. खालच्या बाजूला तोंड करून प्रणाली बसली होती. मी तिच्या मागे पोचले, हात पुढे केला, श्वास घेतला, “खो!”

शिट्टी वाजली.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मॅडमनी वहीत मान खाली घातली. बसलेल्यांपैकी एक जण म्हणाली, “झालं हिचं.” एरवी मी त्या शिट्टीवर मान खाली घालून चालू पडले असते. पण माझा खो गेला होता. तो मला स्वतःला ऐकू आला होता.

“सर,” मी विचारलं, “फाऊल कुणाचा?”

मैदानावर कुणी पंचाला काही विचारायची माझी ती पहिलीच वेळ. सर म्हणाले, “तुझा नाही. ही खो यायच्या आधीच उठली.” त्यांनी प्रणालीकडे बोट केलं. फाऊल झाला की पाठलागाची दिशा उलटी करावी लागते. प्रणाली उलटी वळेपर्यंत जमना पलीकडच्या खुंटाजवळ पोचली होती. वेळ संपली. आम्ही एका गुणाने हरलो.

प्रणाली मोहाच्या झाडाखाली काडीने पायाची माती खरवडत बसली होती. मी जवळ गेले.

“आते खूश का?” ती म्हणाली. “सरले इचारीसन मोकळी व्हयनी.”

“मला वाटलं माझाच फाऊल दिला.”

“तुन्हाच शे तो.” तिने काडी फेकली. “एक सालपाईन मी तुन्हा पायस्ना आवाजवर उठस. तुन्हा खो कोणले आयकू येस? तू मांगे थांबनी की मी समजी लेस आणि उठस. म्हनीसन तुन्हा फाऊल व्हत नव्हता. आणि आज तू एकदम श्वास ली ऱ्हायनी, बोंबली ऱ्हायनी. मले काय ठावं?”

मला हे माहीत नव्हतं. नववीतल्या त्या सामन्यानंतर सरावात माझे फाऊल कमी झाले होते, आणि मी समजत होते की मी सुधारतेय. मी सुधारत नव्हते. प्रणाली माझी पावलं ऐकायला शिकली होती. आज मी पाऊल थांबवून, श्वास घेऊन, नीट खो दिला, आणि त्या मधल्या क्षणात ती सवयीने उठली.

तेवढ्यात मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. त्यांनी आठ नावं वाचली. मग वहीतून वर न बघता म्हणाल्या, “नवव्या जागेला दोघी आहेत.” माझं नाव घेतलं, मग प्रणालीचं. “हिचा एकही फाऊल नाही. प्रणालीचा ऐन वेळेला एक आहे. तेव्हा,” आणि त्यांनी पेन टेकवलं.

मी गप्प राहिले असते तर जागा माझीच होती. गप्प राहणं मला येतही होतं.

“मॅडम, तो फाऊल माझ्यामुळे झाला,” मी म्हटलं. आणि पावलांचं सगळं सांगितलं. बोलताना इंग्रजी, मराठी, अहिराणी, जे तोंडात येईल ते येत होतं.

मॅडमनी ऐकून घेतलं. “मग हिचं नाव लिहू?”

“नाही,” मी म्हटलं. “मला खेळायचंय.”

दोघी-तिघी हसल्या. मलाही कळत होतं की हे दोन्ही एका दमात बोलणं विचित्र आहे. पण दोन्ही खरं होतं, आणि त्यातलं एक लपवून दुसरं मागायचं नव्हतं.

मॅडम प्रणालीकडे वळल्या. “तू सांग. मंगळवारपर्यंत मोडेल ही सवय?”

प्रणाली खोटं बोलू शकली असती. “नाही मोडणार, मॅडम,” ती म्हणाली. “पाय ऐकला की मी उठतेच.”

मॅडमनी नववं नाव माझं लिहिलं, आणि राखीवमध्ये पहिलं प्रणालीचं.

दुपारी निघालो. जमनाने आमच्या गाडीत कणसांचं अजून एक पोतं टाकलं आणि मला म्हणाली, “पुढच्या वर्षी ये.” पुढच्या वर्षी मी शाळेत नसणार हे मी तिला सांगितलं. “मग अशीच ये,” ती म्हणाली. “घर माहीत आहे.”

उतरताना प्रणाली पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी बसली. घाटात तिने मागे वळून पाहिलं नाही. मला तीन-चारदा सॉरी म्हणावंसं वाटलं. पण जागा परत देणार नसताना सॉरी म्हणणं म्हणजे तिने मला ‘असू दे’ म्हणावं अशी अपेक्षा करणं होतं. मी म्हटलं नाही. तिच्या वेणीकडे बघत बसले.

राणीपूरला गाडी चहासाठी थांबली. सगळ्या उतरल्या. प्रणाली दोन कप घेऊन आली, एक माझ्या हातात दिला आणि रस्त्याकडे बघत उभी राहिली. चहा अर्धा झाल्यावर म्हणाली,

“मंगळवारले मी भाईर बठसू. पार त्या कोपरामा, पानीन्या बाटल्या सांभाळत.”

“हं.”

“तुन्हा खो तठलोंग, त्या कोपरापावत, आयकू येवाले पाहिजे.”

मी तिच्याकडे पाहिलं. तिने अजून माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

“येई,” मी म्हटलं. टपरीवरच्या दोन माणसांनी वळून बघितलं, इतक्या मोठ्याने.